निरोगी घरांचा नकाशा

झेबाने त्या कोर्सला नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडूनही दिलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा कोर्स होता, कॉम्प्युटरवर नकाशे कसे बनवायचे त्याचा. घरबसल्या कुणीही करावा, फी नाही. मैत्रिणींनी घातलं म्हणून तिनेही नाव घातलं होतं. सुट्टी संपवून पुण्याच्या हॉस्टेलवर परत जाताना ती आपला जुना लॅपटॉप अम्मीसाठी ठेवून गेली. अब्बू मस्कतला होते, त्यांच्याशी त्यावरून बोलता येई. मेलबॉक्स मात्र तसाच उघडा राहिला, आणि दर आठवड्याला त्यात विद्यापीठाचा मेल येऊ लागला.

झेबाच्या अम्मीने, बिल्कीसने, त्यातला पहिला व्हिडिओ उघडला तो चुकून. बंद करायला गेली तर पडद्यावर एका डोंगराचा नकाशा आला, समोच्च रेषांचा. ती थांबली. पनवेलच्या कॉलेजात तिने दोन वर्षं भूगोल घेतला होता. बारीक निबने असल्या रेषा काढताना श्वास रोखून धरावा लागे, ते तिला आठवलं. तिसऱ्या वर्षाआधी लग्न झालं, मग झेबा, मग सासऱ्यांचं आजारपण. त्याला आता वीस वर्षं होत आली होती.

तिने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. प्रोफेसर तरुण होता, भरभर बोलायचा. तिला अर्धं कळलं नाही. पण खाली अक्षरं येत होती, आणि व्हिडिओ थांबवता येत होता. थांबवायचं, वाचायचं, अडलेला शब्द शोधायचा, पुढे जायचं. दहा मिनिटांचा धडा तिला तासभर पुरे. दुपारची नमाज झाली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसू लागली.

"अम्मी, तू खरंच करतेयस?" झेबा फोनवर हसली. "माझ्या नावाने?"

"तुझ्या नावाने कशाला? माझं नाव मी वेगळं घातलं."

"इंग्लिश झेपतं तुला?"

"नाही झेपत," बिल्कीस म्हणाली, "पण नकाशा झेपतो."

ते खरं होतं. एकाच जागेची माहिती थरावर थर ठेवून पाहायची, ही त्या शास्त्रातली मुख्य गोष्ट तिला लगेच पटली. तळाला रस्ते, त्यावर घरं, त्यावर माणसं, त्यावर पाणी. एकेक थर वेगळा पाहिला तर काहीच दिसत नाही, एकावर एक ठेवले की काहीतरी दिसायला लागतं.

तिसऱ्या आठवड्याचा धडा लंडनमधल्या कॉलऱ्याचा होता. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका डॉक्टरने पटकीने मेलेल्या माणसांची घरं नकाशावर टिंबांनी दाखवली, तर टिंबं एका पंपाभोवती गोळा झाली. तो धडा बिल्कीसने दोनदा पाहिला, कारण तेव्हा त्यांच्या वसाहतीत कावीळ सुरू झाली होती.

पनवेलजवळच्या विचुंब्याची ती वसाहत सात इमारतींची. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, अबरारने, तिथे तीन नंबरमध्ये फ्लॅट घेतला आणि बिल्कीस पनवेलच्या मोहल्ल्यातून इथे आली. बहुतेक शेजारी मुंबईहून, पुण्याहून, साताऱ्या-सांगलीहून आलेले नोकरदार. सगळे भले होते. जिन्यात भेटले की हसायचे, ईदला शीरखुर्म्याचं भांडं घ्यायचे आणि धुऊन परत करायचे. त्यापुढे कधी काही गेलं नव्हतं.

तिच्या मजल्यावर दोघांचे डोळे पिवळे झाले. खालच्या मजल्यावर एका मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं. चार नंबरमध्ये नमाजेच्या निमित्ताने ओळख झालेलं एक कुटुंब होतं, तिथे आई आणि मुलगा दोघंही अंथरुणाला खिळले. कुणी म्हणालं हवा खराब आहे, कुणी म्हणालं कोपऱ्यावरच्या गाडीवरचा बर्फ. बिल्कीसने कोर्समधला नकाशा बनवायचा प्रोग्राम उघडला. उपग्रहाच्या फोटोत वसाहत स्पष्ट दिसत होती, आपली गॅलरीसुद्धा तिला ओळखता आली. एकेका आजारी घरावर तिने लाल टिंब ठेवलं. मग मागे सरून पाहिलं तर सगळी टिंबं तीन आणि चार नंबरवर. आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर, फाटकाजवळ, सगळ्या वसाहतीची पाण्याची टाकी.

 लंडनच्या त्या डॉक्टरलाही असंच दिसलं असेल, तिला वाटलं.

वसाहतीचे सेक्रेटरी प्रभाकर कुलकर्णी, चार नंबरला राहायचे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोलायला कडक. ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात गेली तेव्हा दार त्यांच्या सुनेने उघडलं. चारुता बेलापूरला बँकेत होती, सहावा महिना चालू होता.

प्रभाकरकाकांनी चष्मा लावून नकाशा बराच वेळ पाहिला. "तुम्ही केलात हा?"

"हो काका. कोर्स करतेय मी. अमेरिकेच्या विद्यापीठाचा, इंटरनेटवरून."

"अस्सं," ते म्हणाले. "अमेरिकेच्या." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकी रिकामी करून घासून घ्यायला लावली. दोन दिवस सगळ्या वसाहतीला पाणी नव्हतं. लोकांनी टँकर मागवले, कुरकुरले. टाकीत थोडा गाळ निघाला, बाकी काही नाही. बिल्कीसने तोच नकाशा कोर्सच्या शेवटच्या स्वाध्यायासाठी पाठवला. तिथे प्रोफेसर तपासत नसत, इतर विद्यार्थी एकमेकांचे नकाशे तपासत.

आठवडा गेला, आणि चार नंबरमध्ये आणखी एक जण आजारी पडला. तो प्रभाकरकाकांचा मुलगा विश्वजीत.

गावातल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या तेव्हा बिल्कीसने त्यांना खाली गाठलं. "टाकी धुऊनही कावीळ होतेच कशी, मॅडम?"

"ही कावीळ दूषित पाण्यातून पोटात जाते आणि दिसायला कधीकधी महिनाही लागतो," त्या म्हणाल्या. "आज जे पिवळे दिसतायत ते महिन्यापूर्वीचं पाणी पिऊन. मी नमुने पाठवलेत, पण नळाला पाणी दिवसातून दोनदाच येतं, नेमक्या घाण पाण्याचा नमुना मिळेलच असं नाही. सगळ्यांनी उकळून प्या. आणि गरोदर बायकांना जपा. त्यांना ही झाली तर जिवावर बेतते."

म्हणजे टाकीचं बरोबर होतं की चूक, ते आणखी महिनाभर कळणार नव्हतं. आणि तोवर चारुताच्या घरात त्याच नळाचं पाणी. त्या दिवशी बिल्कीस जिना चढत असताना वरून दोन बायकांचं बोलणं कानावर आलं. "त्या कोर्सवाल्या भाभींच्या नादाने दोन दिवस टँकरचं पाणी भरलं, आणि उपयोग शून्य." तिला पाहून त्या गप्प झाल्या. हसल्यासुद्धा. घरी येऊन बिल्कीसने लॅपटॉप कपाटात ठेवून दिला.

तो परत काढला अबरारमुळे. शुक्रवारी त्याच्याशी बोलायचं होतं. बोलणं झाल्यावर सवयीने तिने कोर्सचं पान उघडलं. तिच्या नकाशाखाली काही शेरे आले होते. कुणी लिहिलं होतं, रंग छान. कुणी लिहिलं होतं, उत्तर दिशा दाखवायची राहिली. शेवटचा शेरा वांजिरू नावाच्या बाईचा होता, केनियात नर्स होती ती. तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. तू आजारी घरं दाखवलीस. ज्यांना काही झालेलं नाही ती घरं कुठे आहेत? आणि बाकीच्या इमारतींत तू विचारलंस का?

बिल्कीसने ते पुन्हा वाचलं. तिने विचारलं नव्हतं. पाच, सहा, सात नंबरमध्ये ती एकाही माणसाला नावाने ओळखत नव्हती. एक आणि दोन नंबरमध्येही नाही. टिंबं टाकीभोवती गोळा झाली नव्हती, तिच्या ओळखीपाळखीभोवती गोळा झाली होती. टाकी नेमकी तिथे होती, एवढंच.

"हा नकाशा काविळीचा नाहीच," ती मोठ्याने म्हणाली. घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चारुताकडे गेली. प्रभाकरकाका विश्वजीतला घेऊन दवाखान्यात गेले होते, ते एका परीने बरंच झालं. बिल्कीसने सरळ सांगितलं, "चारुता, माझं चुकलं. मी फक्त ओळखीच्यांना विचारलं. आता सगळ्या घरी जाऊन विचारायला हवं. पण माझ्या एकटीसाठी लोक दार उघडून एवढं बोलतील का, मला ठाऊक नाही."

चारुता उकळलेलं पाणी गाळत होती. तिने पातेलं खाली ठेवलं. "मी येते."

"तुझी ही अवस्था..."

"भाभी, बाबा मला सांगलीला माहेरी पाठवायचं म्हणतायत. विश्वजीत असा पडलेला असताना मी जाऊन काय करू? नुसतं बसून डोळ्यांत पिवळेपणा आलाय का ते आरशात बघायचं, ह्याने वेड लागायची पाळी आलीय. मी येते."

"मग पायऱ्या मी चढते. तू खालचे मजले विचार."

असं ठरलं आणि दोघी निघाल्या. सुरुवात सात नंबरपासून केली. लोकांना विचारायचं एवढंच, घरात कुणाला कावीळ झाली का, झाली तर कधी, पाणी कुठलं पिता. बिल्कीसला वाटलं होतं तसं काही झालं नाही. लोक बोलायला आसुसले होते. एका आजींनी तिला आत बसवून सुनेच्या आजाराची सगळी कहाणी सांगितली आणि निघताना हातावर तिळाची वडी ठेवली. सात नंबरमध्ये जवळजवळ प्रत्येक मजल्यावर एक आजारी घर निघालं. बोभाटा नको म्हणून कुणी बोललेलं नव्हतं इतकंच. सहामध्ये तेच, पाचमध्ये तेच, मग चार आणि तीनमधली उरलेली घरं. घरी आल्यावर चारुता टेबलाशी बसून घरं सांगत गेली आणि बिल्कीस टिंबं ठेवत गेली. आजाऱ्यांना लाल आणि बऱ्या घरांना हिरवी.

एक आणि दोन नंबर राहिले असतानाच चारुताच्या शेजारणीला, तीही गरोदर, ताप भरला. कावीळ निघाली नाही, पण प्रभाकरकाकांचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारुताचे भाऊ गाडी घेऊन आले. जाताना तिने बिल्कीसचा हात धरला. "दोनच इमारती राहिल्यात, भाभी. सोडू नका."

संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर प्रभाकरकाका. हातात काठी, पायात चपला, कुठेतरी निघाल्यासारखे.

"सुनेचा फोन होता. पुण्याच्या पुढे गेलेत ते," ते म्हणाले. "म्हणाली, बाबा, माझ्या जागी तुम्ही जा." मग जरा थांबून, "खरं सांगू का, तुमच्या नकाशावर माझा विश्वास राहिलेला नाही. लोकांची बोलणी मी खाल्लीत."

"माझाही नव्हता राहिला, काका. म्हणून तर परत विचारतेय."

त्यांनी काठी जिन्याकडे वळवली. "चला," म्हणाले.

दोन नंबरमध्ये पहिल्या दारी कुणी आजारी नव्हतं. दुसऱ्या दारी नव्हतं. तिसऱ्या दारी एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "आमच्याकडे कुणाला काही झालेलं नाही हो. तरी आमच्या पोरांना शाळेत वेगळं बसवतात, काविळीच्या सोसायटीतली म्हणून. आम्हाला कुणी विचारायलाच येत नाही!" सबंध दोन नंबरमध्ये एकही आजारी घर नाही. एक नंबरमध्येही नाही. शेवटच्या मजल्यावर दम घेत प्रभाकरकाका कठड्याला टेकले. खाली फाटकाजवळची टाकी दिसत होती. एक आणि दोन नंबर तिच्या सगळ्यात जवळ होते.

"काय हो," ते सावकाश म्हणाले, "हे लोक पाणी कुठलं पितात?"

"ह्याच टाकीचं."

काकाही तिच्यामागे निघाले. घरी येऊन बिल्कीसने उरलेली टिंबं ठेवली. एक आणि दोन नंबर हिरवेगार. तिनापासून पुढे सातापर्यंत लाल. टाकी बिघडलेली असती तर एक आणि दोनही वाचले नसते. बिघाड टाकीच्या पुढे कुठेतरी होता, मागच्या इमारतींकडे पाणी नेणाऱ्या नळात.

"ती लाइन जमिनीखालून कुठून गेलीय, काका?"

"ते बिल्डरलाच माहीत. तो काही आता सापडायचा नाही." काका विचारात पडले. "विठूला विचारू. गावातला आहे, लाइन टाकली तेव्हा कामावर होता तो."

विठू सकाळी फावडं घेऊनच आला. बिल्कीसने लॅपटॉपवर फोटो दाखवला तसं त्याने त्यावर बोट फिरवलं. "लाइन अशी गेलीय, भाभी. हितून वळली, आनि गटाराच्या खालनं तिकडं. पन फुटली असती तर वर वल दिसली असती. वल तर नाय दिसत."

"गटाराच्या खालून?" बिल्कीसने विचारलं.

"हां. तवा गटार नव्हतं ना. मागाहून बांधलं."

खणायला सुरुवात झाली. वळणाजवळ खणलं, तिथे नळ ठणठणीत निघाला. माणसं जमू लागली. कुणीतरी मागून म्हणालं, आता रस्तापण उखडणार वाटतं. बिल्कीसचे कान तापले. तिला वाटलं, घरी जावं. पण प्रभाकरकाका काठी टेकून खड्ड्याच्या तोंडाशीच उभे होते. मान न वळवता ते म्हणाले, "विठू, पुढे खण. गटाराखाली."

गटाराची फरशी उचलली, खालची माती काढली, आणि विठूने खाली बसून हात आत घातला. थोडा वेळ चाचपत राहिला. मग हात बाहेर काढून त्याने नाक मुरडलं. "सांधा सुटलाय. रबर पार गेलाय. पानी चालू असतं तवा आतलं भायेर जातं, गटारातच जातं, म्हनून वल दिसत नाय. आनि पानी बंद झालं का नळ रिकामा व्हतो, तवा गटारातलं आत वढतो. मंग दुसऱ्या पान्याला ते सगल्यांच्या घरी."

 मग जिन्यातल्या त्या दोन बायकांपैकी एक पुढे आली आणि खड्ड्यात वाकून पाहून म्हणाली, "बाई गं." नंतर बिल्कीसकडे वळून, "भाभी, चहा घ्यायला या वर. काकांनाही घेऊन या."

सांधा त्याच दिवशी बदलला. पुढच्या आठवड्यात गटार ओलांडताना नळ वरून घेतला, सगळ्यांना दिसेल असा. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर तरी पाणी उकळत राहायला सांगितलं, आणि त्या महिन्यात आणखी काही जण पिवळे पडलेही. त्या वेळी बिल्कीस सकाळी उठल्यावर आधी गॅलरीत जाऊन चार नंबरच्या खिडक्यांकडे बघायची. दर नव्या आजाऱ्यागणिक तिला वाटायचं, हेही चुकलं. पण आकडा उतरत गेला. एप्रिल अर्धा सरला तेव्हा नवीन कुणी आजारी पडत नव्हतं. विश्वजीत कामावर जाऊ लागला. मे महिन्यात सांगलीहून चारुताचा फोन आला, मुलगी झाली, दोघीही ठीक आहेत. "डोळे अगदी पांढरेशुभ्र आहेत तिचे," ती म्हणाली, आणि दोघीही फोनवर रडल्या.

कोर्सचं म्हणाल तर बिल्कीस काठावर पास झाली. शेवटच्या स्वाध्यायाची मुदत कधीच संपली होती आणि तिथे तिचा तो चुकीचा नकाशाच जमा होता. नवा नकाशा तिने वांजिरूला वेगळा पाठवला. वांजिरूचं उत्तर आलं की तिच्या दवाखान्यातल्या भिंतीवर तिने तो लावला आहे. मस्कतहून अबरारने विचारलं, "मग काय, आता प्रोफेसर व्हायचं का?"

"दुसरा कोर्स लावलाय जूनपासून," ती म्हणाली. "हा जरा अवघड आहे."

तो सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. आजूबाजूच्या गावांतल्या आशा ताई घरोघर फिरून ताप-कावीळ-जुलाबाची नोंद करतात, पण कुठली घरं, कुठल्या विहिरीजवळची, ते कागदावरून कळत नाही. मोबाइलवरून घराची जागा कशी नोंदवायची ते त्यांना शिकवाल का?

आरोग्य केंद्राच्या पडवीत सतरंजी घातली होती. आठ-दहा बायका आल्या होत्या. बिल्कीसने बोलायला सुरुवात केली आणि तिच्या ध्यानात आलं, आपण फार भरभर बोलतोय. ती थांबली. तिने लॅपटॉप वळवून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"तुमचं घर शोधा आधी," ती म्हणाली.

सत्यवती नावाची पुढे बसलेली बाई गुडघ्यांवर येऊन पडद्याजवळ सरकली. बोट लांबच धरून तिने देऊळ शोधलं, देवळावरून रस्ता धरला, तळ्याला वळसा घातला.

"ह्ये बघा, ह्ये आमचं," ती ओरडली. "आनि ह्यो आमचा फणस! वरनं असा दिसतो व्हय?" सगळ्या बायका पडद्यावर वाकल्या, एकीचं डोकं दुसरीला लागलं, आणि मागची म्हणू लागली, "सर गं जरा, माजं पन बगू दे."

बिल्कीस बाजूला होऊन त्यांना जागा करून देत होती.